व्हेरोनातील पाच दिवस

एक पत्र वेळेवर पोचले नाही आणि दोन मुले प्राणांस मुकली. शेक्सपीअरच्या ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’ची हकीकत एका वाक्यात सांगा असे कोणी म्हटले, तर बहुतेक माणसे ती अशीच सांगतील आणि शेवटी ‘दैव, दुसरे काय!’ म्हणून एक सुस्कारा सोडतील. नाटककाराने त्यांना तशी मुभाही दिलेली आहे. नाटकाच्या आरंभी एक निवेदक रंगमंचावर येतो आणि चौदा ओळींच्या एका सुनीतात सगळा शेवट सांगून मोकळा होतो. या दोन मुलांच्या पत्रिकेतच खोट आहे, ती मरणार आहेत आणि त्यांच्या मरणाखेरीज त्यांच्या घराण्यांतले वैर संपणार नाही, हे प्रेक्षकाला खुर्चीवर नीट बसण्यापूर्वीच कळते. आपल्याकडे लग्नाआधी पत्रिका पाहतात. येथे नाटकाआधीच पाहिली जाते.

त्या सुस्काऱ्याविषयी आम्हांला थोडी शंका आहे, आणि आजचे व्याख्यान त्या शंकेपुरतेच आहे. दैवाचे नाव नाटकात अनेकदा येते हे खरे. पण ते नाव कोण घेतो, केव्हा घेतो, आणि ते घेण्यापूर्वी त्याने स्वतः काय केलेले असते, हे पाहिले म्हणजे हिशेब निराळा लागतो. शेक्सपीअरने ही कथा जिच्यावरून घेतली ती मूळची इंग्रजी कविता आज उपलब्ध आहे. तिच्यात त्याने कोठे कोठे हात घातला हे ताडून पाहता येते. आमचे सारे म्हणणे त्या ताडून पाहण्यावर उभे आहे.

कथानक आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही ते तिथीवार सांगतो, कारण पुढचा वाद तिथीवारांचाच आहे. जुलै महिन्यातला एक रविवार. सकाळी कॅप्युलेट आणि माँटेग्यू या दोन घराण्यांच्या नोकरांत भर रस्त्यात मारामारी होते, आणि व्हेरोनाचा अधिपती एस्कलस ताकीद देतो की पुन्हा शांतता मोडली तर देहान्त शासन होईल. रात्री कॅप्युलेटच्या वाड्यात मेजवानी. माँटेग्यूंचा एकुलता एक मुलगा रोमिओ मुखवटा घालून तेथे जातो. ज्यूलिएटची व त्याची दृष्टादृष्ट होते आणि त्याच रात्री तिच्या खिडकीखाली दोघांचे बोलणे होऊन लग्न ठरते. सोमवारी दुपारी लॉरेन्स नावाचा वृद्ध मठवासी साधू त्यांचे गुप्तपणे लग्न लावतो. त्यानंतर तासाभरातच ज्यूलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट हा रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याला ठार करतो, आणि रोमिओ टिबॉल्टला ठार करतो. रोमिओला हद्दपारीची शिक्षा होते. ती एक रात्र नवराबायको एकत्र काढतात आणि मंगळवारी पहाटे रोमिओ मँटुआला निघून जातो. त्याच सोमवारी रात्री, खाली दिवाणखान्यात, बापाने ज्यूलिएटचे लग्न पॅरिस नावाच्या सरदाराशी गुरुवारी ठरवलेले असते. मंगळवारी ज्यूलिएट साधूकडे धावते. तो तिला बेचाळीस तास मृतवत् ठेवणारे औषध देतो. मंगळवारी रात्री ती ते पिते, बुधवारी तिला मेली समजून घराण्याच्या तळघरातील थडग्यात नेऊन ठेवतात. गुरुवारी खोटी बातमी ऐकून रोमिओ विष घेऊन येतो, थडग्याच्या दाराशी आडवा आलेल्या पॅरिसला मारतो आणि आत जाऊन विष पितो. ज्यूलिएट जागी होते व त्याच्याच खंजिराने स्वतःला संपवते. शुक्रवारची पहाट उजाडते तेव्हा सारे गाव थडग्यापाशी जमलेले असते.

ही कथा शेक्सपीअरने रचलेली नव्हे. १४७६ मध्ये मासुच्चो नावाच्या इटालियन लेखकाने सिएना गावची अशीच एक गोष्ट छापली. १५३० च्या सुमारास लुइजी दा पोर्तोने ती व्हेरोनात आणली आणि नायक-नायिकेला आज आपण ओळखतो ती नावे दिली. १५५४ मध्ये बांदेल्लोने ती पुन्हा सांगितली, १५५९ मध्ये ती फ्रेंचमध्ये गेली, आणि त्या फ्रेंच गोष्टीवरून आर्थर ब्रुक या तरुण इंग्रज कवीने १५६२ मध्ये एक दीर्घ काव्य लिहिले. दुसऱ्याच वर्षी हा ब्रुक समुद्रात बुडून मेला. शेक्सपीअरपुढे होते ते हेच काव्य. त्यावरून त्याने १५९५ च्या सुमारास नाटक केले. १५९७ मध्ये त्याची एक सदोष प्रत छापली गेली, आणि १५९९ मध्ये सुधारून वाढवलेली दुसरी.

ब्रुकने आपल्या काव्याला एक प्रस्तावना जोडली आहे, ती वाचण्यासारखी आहे. या मुलांनी आईबापांचा अधिकार धाब्यावर बसवला, वासनेच्या मागे लागली, बडबड्या बायांचा आणि भोंदू साधूंचा सल्ला घेतला, म्हणून त्यांची अशी गत झाली, असा तीत रोकडा उपदेश आहे. गंमत अशी की खुद्द काव्यात ब्रुकला त्या मुलांचा कळवळा येतो. प्रस्तावना लिहिणाऱ्या ब्रुकचे आणि काव्य लिहिणाऱ्या ब्रुकचे आपसांत पटत नाही. पण दोष कोणाचा, हा प्रश्न त्याने टाळला नाही, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. त्याचे उत्तर होते: मुलांचा.

शेक्सपीअरने ही प्रस्तावना सोडून दिली आणि तिच्या जागी तारे आणले. वरवर पाहता हा ब्रुकहून दयाळू, पण तितकाच सोपा निवाडा दिसतो. मुलांचा दोष काढून घेतला आणि तो आकाशावर टाकला, एवढेच. त्या काळच्या लंडनमध्ये हे सहज पटलेही असते. खुद्द एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचा मुहूर्त, १५ जानेवारी १५५९, हा जॉन डी नावाच्या ज्योतिष जाणणाऱ्या पंडिताने काढून दिला होता. पण त्याच काळचे शहाणे लोक असेही मानीत की ग्रह माणसाला एका बाजूला कलवतात, ढकलत नाहीत. म्हणजे ग्रहांवर विश्वास असला तरी स्वतःच्या कृत्याची जबाबदारी सुटत नाही. शेक्सपीअरचा सारा खेळ ‘कलणे’ आणि ‘ढकलले जाणे’ यांमधल्या या अंतरात चालतो.

आता त्याने केलेले फेरफार पाहू. ब्रुकच्या काव्यात मेजवानी नाताळात होते आणि शेवट पुढल्या शरदाच्या तोंडाशी, म्हणजे कथा जवळजवळ नऊ महिने चालते. लग्नानंतर कित्येक आठवडे ती दोघे गुप्तपणे संसारसुख भोगतात. शेक्सपीअरने हे नऊ महिने पाच दिवसांत कोंबले. नाट्यशास्त्राची पुस्तके सांगतात की यामुळे नाटकाला गती आली. ते खरेच आहे, पण आम्हांला त्याहून मोठी गोष्ट घडलेली दिसते. नऊ महिन्यांच्या कथेत एखादे पत्र चुकले तर ते खरोखर दैव म्हणावे लागते, कारण चूक सुधारायला वेळ होता आणि तरीही ती सुधारली नाही. पाच दिवसांच्या कथेत मात्र प्रश्न असा येतो की वेळ कोणी उरू दिला नाही?

याचे उत्तर नाटकात अगदी स्पष्ट आहे, आणि ते उत्तर म्हणजे ज्यूलिएटचा बाप.

कॅप्युलेट हा दुष्ट मनुष्य नव्हे. तो दुष्ट असता तर नाटक पुष्कळ हलके झाले असते. पहिल्या अंकात पॅरिस मागणी घालतो तेव्हा हाच कॅप्युलेट म्हणतो की मुलगी अजून लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ देत, आणि तिचे मन जिंकल्याशिवाय माझ्या संमतीला अर्थ नाही. मेजवानीत रोमिओ ओळखला जातो आणि टिबॉल्ट तलवारीला हात घालतो, तेव्हा त्याला दरडावून गप्प बसवणारा आणि शत्रूच्या मुलाला सभ्य म्हणून वाखाणणारा हाच. म्हणजे मनात आणले तर या माणसाला वैर आवरता येते, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. आणि हाच मनुष्य सोमवारी रात्री, घरात तरुण भाच्याचे मरण ताजे असताना, मुलीला न विचारता पॅरिसला शब्द देऊन बसतो. आज वार कोणता? सोमवार. मग बुधवार फार लवकर होईल, गुरुवार ठेवू. दोन उन्हाळ्यांचे तीन दिवस झाले.

मंगळवारी मुलगी नकार देते तेव्हा तो जे बोलतो ते ऐकताना अंगावर काटा येतो. घराबाहेर काढीन, रस्त्यावर उपाशी मर, असे तो एकुलत्या एका मुलीला सुनावतो. पण खरा घात त्या रागात नाही, त्यानंतरच्या आनंदात आहे. ज्यूलिएट साधूकडून औषध घेऊन येते आणि मान्य असल्याचे नाटक करते. त्याबरोबर बापाला इतका हर्ष होतो की तो लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणतो. बायको म्हणते, तयारी पुरी व्हायची नाही. तो म्हणतो, मी रात्रभर जागेन, आज मीच घरची बाई होतो. प्रेक्षक हसतात. हा एक दिवस अलीकडे आला म्हणून ज्यूलिएटला औषध बुधवारऐवजी मंगळवारी रात्री घ्यावे लागते, आणि मँटुआला निरोप पोचवायला साधूपाशी असलेला एक संपूर्ण दिवस नाहीसा होतो. लग्नघरातली लगबग, आचाऱ्यांना हाका, लाकडे आणा, खजूर आणा, आणि वर माडीवर निपचित पडलेली मुलगी. शेक्सपीअरने हे दोन्ही एकामागोमाग दाखवले आहे. या नाटकात दैवाचा हात कोठे दिसत असेल, तर तो या बापाच्या उत्साहात दिसतो.

दुसरा फेरफार रोमिओविषयीचा. ब्रुकच्या काव्यात टिबॉल्ट अंगावर चालून येतो आणि रोमिओ स्वसंरक्षणासाठी त्याला मारतो. त्याला दुसरा मार्ग नसतो, म्हणून तेथे दैव म्हणणे शोभते. शेक्सपीअरने मध्ये मर्क्युशिओ घातला. ब्रुककडे मर्क्युशिओ नावापुरताच आहे, मेजवानीत ज्यूलिएटचा हात धरून बसलेला एक थंड हातांचा गृहस्थ. येथे तो नाटकातला सर्वांत जिवंत मनुष्य आहे. रोमिओ भांडण सोडवायला मध्ये पडतो आणि त्याच्याच काखेखालून टिबॉल्टची तलवार मित्राला लागते. टिबॉल्ट निघून जातो. तो परत येईपर्यंत रोमिओला विचार करायला क्षण मिळतो, आणि त्या क्षणात तो ठरवतो की आता दया नको. टिबॉल्टला मारून झाल्यावर मग तो ओरडतो की आपण दैवाच्या हातचे बाहुले आहोत. निवड आधी आणि दैवाचे नाव नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मँटुआतही हाच क्रम आहे. नोकर बाल्थझार बातमी आणतो की ज्यूलिएट वारली. रोमिओ ताऱ्यांना आव्हान देतो. मग तो नोकराला विचारतो की साधूचे पत्र नाही का? नाही, असे उत्तर येते. त्यावर रोमिओ म्हणतो की असो, तू घोडे आण. पत्राची आठवण त्याला झाली होती. पत्र यायला हवे होते हेही त्याला ठाऊक होते. पण थांबणे त्याला सुचले नाही. आपल्याकडे म्हणतात, दैव देते आणि कर्म नेते. येथे दैवाने निदान एक प्रश्न सुचवला होता.

मग ते पत्र कोठे होते? लॉरेन्सने ते जॉन नावाच्या दुसऱ्या साधूबरोबर पाठवले होते. जॉन सोबतीला आणखी एका गुरुबंधूला घ्यायला गेला. तो गुरुबंधू रोग्यांची सेवा करीत होता. शहराच्या तपासनिसांना त्या घरात महामारीचा संशय आला आणि त्यांनी दोघांसह दारे बंद करून टाकली. पत्र परत आणून द्यायलाही कोणी धजेना. हा प्रसंग मूळ कथेतही आहे, पण शेक्सपीअरच्या प्रेक्षकाला तो गोष्टीतला वाटला नसावा. १५९२ पासून १५९४ पर्यंत लंडनमधली नाट्यगृहे महामारीमुळे बहुतेक काळ बंद होती. १५९३ या एका वर्षात त्या शहरात दहा हजारांवर माणसे या रोगाने मेली. दारावर खूण करून आतल्या माणसांसह बंद केलेली घरे त्या प्रेक्षकांनी येता-जाता पाहिली होती. १८९७ च्या घरझडत्यांच्या आठवणी ज्या पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या, तेथल्या श्रोत्याला याची कल्पना यायला अडचण पडू नये.

तेव्हा महामारी हे दैव खरेच, यात वाद नाही. पण येथेही एक बारीक धागा आहे, तो सहसा कोणी ओढून पाहत नाही. सोमवारी रात्री रोमिओला निरोप देताना लॉरेन्सने त्याला सांगितले होते की मी तुझ्याच नोकराला गाठीन आणि त्याच्याकरवी तुला इकडचे वर्तमान कळवीत जाईन. तो नोकर म्हणजे बाल्थझार. पुढे लॉरेन्सने बेत बदलला आणि मठातला माणूस पाठवला. बाल्थझारला मात्र कोणी काहीच सांगितले नाही. म्हणून त्याने डोळ्यांनी पाहिलेली प्रेतयात्रा खरी मानली आणि इमानी नोकराप्रमाणे घोडा पिटाळीत मालकाकडे गेला. चांगला नोकर, चांगला साधू, मुलीवर जीव असलेला बाप. या नाटकात वाईट माणूस शोधूनही सापडत नाही, आणि हेच त्यातले भयंकर आहे.

लॉरेन्सविषयी आणखी एक शब्द. त्याने लग्न लावले ते मुलांच्या प्रेमाखातर नव्हे. रोमिओचे प्रेम डोळ्यांत असते, हृदयात नसते, अशी थट्टा करून झाल्यावर तो म्हणतो की या संबंधाने कदाचित दोन घराण्यांचे वैर मिटेल, म्हणून मी मदत करतो. हेतू उदात्त आहे. पण वैर मिटवणे हे काम अधिपतीचे होते, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांचे होते. ते या सज्जनाने दोन मुलांच्या डोक्यावर गुपचूप ठेवले. आणि शेवटी थडग्यात, जाग्या झालेल्या ज्यूलिएटजवळ, बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागताच तो तिला सोडून पळतो. दाईचेही तसेच. जिच्या अंगाखांद्यावर ज्यूलिएट वाढली ती दाई, रोमिओ हद्दपार झाल्यावर, पॅरिसच बरा म्हणते. त्या क्षणी ही मुलगी घरात एकटी पडते.

आता त्या मुलीकडे वळू. आमच्या मते नाटकातली खरी निवड एकटीच करते, आणि ती म्हणजे ज्यूलिएट.

ब्रुकच्या काव्यात तिचे वय सोळाच्या आसपास आहे. शेक्सपीअरने ते तेरा केले. ऑगस्टच्या पहिल्या तारखेच्या आदल्या रात्री तिला चौदावे पूर्ण व्हायचे असते. कायद्याने त्या काळच्या इंग्लंडात मुलीचे लग्न बाराव्या वर्षी होऊ शकत असे. परंतु गावोगावच्या चर्चमधील नोंदवह्या चाळून अभ्यासकांनी दाखवले आहे की सामान्य घरांतल्या मुली साधारण पंचविशीच्या सुमारास लग्न करीत. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकाला तेरा हा आकडा ऐकून चमकल्यासारखे होणारच. इटलीतल्या लोकांचे तसेच असायचे, असेही तो म्हणाला असेल. खुद्द शेक्सपीअरला या विषयाचा अनुभव होता. नोव्हेंबर १५८२ मध्ये तो अठरा वर्षांचा असताना सव्वीस वर्षांच्या ॲन हॅथवेशी त्याचे लग्न झाले. नेहमीप्रमाणे चर्चमध्ये तीनदा पुकार न करता एकाच पुकारावर लग्न लागावे म्हणून दोन शेतकऱ्यांनी चाळीस पौंडांचा जामीन दिला होता, आणि २६ मे १५८३ रोजी पहिल्या मुलीचा नामकरणविधी झाला. हिशेब श्रोत्यांनीच करावा. घाईचे लग्न म्हणजे काय हे नाटककाराने पुस्तकात वाचलेले नव्हते. आणि हे नाटक लिहीत असताना ती मुलगी, सुझॅना, बारा-तेरा वर्षांचीच होती. यावरून काही सिद्ध होत नाही; तरी कॅप्युलेटच्या तोंडची ‘अजून लहान आहे’ ही भाषा आम्हांला कोण्या तरी बापाने लिहिलेली वाटते.

वय कमी केले, पण शहाणपण वाढवले, हे या रचनेतले मर्म. मेजवानीत दोघे प्रथम बोलतात ते बोलणे मिळून बरोबर एक सुनीत होते, चौदा ओळींचे. निवेदकाने ज्या आकृतीत त्यांचे मरण सांगितले त्याच आकृतीत ती दोघे एकमेकांना निवडतात. त्याच रात्री खिडकीतून बोलताना घाईची भीती कोणाला वाटते? वृद्ध साधूला नव्हे, बापाला तर नव्हेच. हे फार अचानक होते आहे, विजेसारखे, असे म्हणणारी नाटकातली पहिली व्यक्ती ही तेरा वर्षांची मुलगी आहे. आणि पुढे औषधाची कुपी हातात घेतल्यावर ती एकेक शक्यता मोजते. हे विषच असेल तर? आपण लावलेले गुप्त लग्न उघडकीस येऊ नये म्हणून साधूने दिले असेल तर? रोमिओ यायच्या आधी जाग आली तर? पूर्वजांच्या हाडांत वेड लागले तर? सगळे मोजून ती पिते. या पाच दिवसांत विचार करून टाकलेले पाऊल बहुधा हेच एक. तिला दैवाची सबब लागत नाही.

येथे थोडे आडवळण क्षम्य मानावे. शेक्सपीअरची नाटके मराठीत येऊ लागली तो काळ म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ चे, देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० चे. ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’चीही रूपांतरे त्याच सुमारास झाली. त्या वेळच्या आमच्या वाचकाला ज्यूलिएटच्या तेरा वर्षांचे काहीच वाटले नसणार. त्याच्या घरात त्या वयाच्या सुना होत्या. त्याला धक्का बसला असेल तो ती स्वतः निवड करते याचा. लंडनच्या प्रेक्षकाला वय नवे होते, मुंबई-पुण्याच्या वाचकाला निवड नवी होती. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंवर नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबईच्या कोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये नवऱ्याच्या घरी जा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि त्या पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. ती शोकांतिका झाली नाही, कारण त्यांच्या बाजूला घरात आणि घराबाहेर उभी राहणारी मोठी माणसे होती. ज्यूलिएटला तेवढे मिळाले नाही.

पुढल्या पिढ्यांनी या नाटकाचे काय केले, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण दोष कोणाला द्यावा हे न उमगल्याने प्रत्येक पिढीने शेवटाशीच खटपट केली. १६६२ मध्ये सॅम्युअल पेपीज याला हे नाटक आपण पाहिलेल्यांत सर्वांत वाईट वाटले. त्याच सुमारास जेम्स हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने मुले जिवंत राहतात असे रूपांतर केले, आणि एक दिवस मरणारी जोडी, दुसरे दिवशी जगणारी जोडी, असे प्रयोग आळीपाळीने झाले. १६७९ मध्ये टॉमस ऑटवेने कथा प्राचीन रोममध्ये नेली आणि नायक मरण्यापूर्वी नायिकेला जागे केले. नट डेव्हिड गॅरिकने १७४८ पासून तीच युक्ती वापरली, दोघांना थडग्यात एक लांबलचक संवाद दिला, आणि ज्यूलिएटचे वय अठरावर नेले. प्रेक्षक ढसाढसा रडत. १७५० मध्ये लंडनच्या दोन नाट्यगृहांत एकाच वेळी हे नाटक बारा रात्री चालले, आणि ही चढाओढ पाहून गाव कंटाळले. गॅरिकचा हा पाठ जवळजवळ शंभर वर्षे टिकला. १८४५ मध्ये शार्लट कुशमन या अमेरिकन नटीने स्वतः रोमिओची भूमिका घेऊन शेक्सपीअरचा मूळ पाठ परत आणला. विसाव्या शतकातही १९३५ साली प्रोकोफिएफने या कथेवर नृत्यनाट्याचे संगीत रचताना प्रथम सुखान्त योजला होता. मेलेली माणसे नाचत नाहीत, ही त्याची अडचण. पुढे त्याने तो बदलला.

या खटपटीत बहुतेकांनी हात लावला तो थडग्यातल्या भेटीला. पण शेक्सपीअरचे नाटक तेथे संपत नाही. दोघे मेल्यावर आणखी बराच वेळ ते चालते, आणि हा भाग आजही बहुतेक प्रयोगांत छाटला जातो. अधिपती येतो, दोन्ही घरची माणसे येतात. माँटेग्यूची बायको त्याच रात्री मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने मेलेली असते. साधू लॉरेन्सला पकडून आणतात आणि तो सारी हकीकत पहिल्यापासून सांगतो: लग्न, हद्दपारी, औषध, पत्र, महामारी, आपले पळून जाणे. दिग्दर्शक म्हणतात की प्रेक्षकांना हे सगळे ठाऊक आहे, मग पुन्हा कशाला? पण ते भाषण प्रेक्षकांसाठी नाहीच. समोर उभे असलेल्या आईबापांसाठी आहे. आपल्या मुलांचे लग्न झाले होते हे त्यांना त्या क्षणी प्रथम कळते.

ब्रुकच्या काव्यात यानंतर शिक्षांची यादी येते. विष विकणारा फासावर जातो, दाई हद्दपार होते, साधू एका आश्रमात जाऊन राहतो आणि पाच वर्षांनी मरतो. शेक्सपीअरने यादी गाळली. त्याचा अधिपती एवढेच म्हणतो की काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा. कोणाला कोणती, हे तो सांगत नाही. उलट तो कबूल करतो की तुमच्या भांडणाकडे मी काणाडोळा केला, म्हणून माझेही दोन आप्त गेले, मर्क्युशिओ आणि पॅरिस. ताऱ्यांचे नाव तो घेत नाही. नाटकाच्या आरंभी ज्यांचा इतका गाजावाजा झाला ते तारे शेवटी कोणालाच आठवत नाहीत, आणि सूर्यसुद्धा त्या सकाळी तोंड दाखवीत नाही, असे तो म्हणतो.

मग दोन म्हातारे हात मिळवतात. कॅप्युलेट म्हणतो, हा हात हेच माझ्या मुलीचे स्त्रीधन समज. माँटेग्यू म्हणतो, त्याहून अधिक देतो, तुझ्या मुलीचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारतो. त्यावर कॅप्युलेट म्हणतो, मग रोमिओचाही तितकाच मोलाचा पुतळा तिच्या शेजारी ठेवीन.